भुंगेरा अंधूक कसा असेल? ‘क्रिपस्क्युलर’ या विशेषणाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हुमणी या पिकाची मुळं खाणाऱ्या किडीवरच्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचं तुम्ही मराठी करताय. त्यात ‘क्रिपस्क्युलर’ हे विशेषण आडवं आलं. कोशात पाहिलं तर ‘संधिप्रकाशाचा, अंधूक’ असा अर्थ मिळाला. तो वाक्यात घातला तेव्हा ‘अंधूक भुंगेरे’ असं काहीतरी झालं आणि ते तुमचं तुम्हालाच पटेना. म्हणून तुम्ही विचारलंत की या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, सरपटणं या अर्थाच्या ‘क्रीप’शी त्याचं काही नातं आहे का, आणि मराठीत काय लिहावं.

पटलं नाही हे फार बरं झालं. मी अंबाजोगाईला तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं शेतीच्या पत्रकांची भाषांतरं करत आलो. कोशातला अर्थ वाक्यात बसत नाही असं ज्याला टोचतं, त्याच्या हातून चांगलं काम होतं. ज्याला टोचत नाही तो ‘अंधूक भुंगेरे’ छापून मोकळा होतो. तुमचा खरा प्रश्न अर्थाचा नाहीच, अर्थ तुम्हाला कोशानं दिलाय. हे विशेषण वाक्यात कोणाला लागलंय हा खरा प्रश्न आहे. उजेडाला लागलं तर मराठी एक होईल, प्राण्याला लागलं तर दुसरं, माणसाच्या मनाला लागलं तर तिसरं. त्यामुळे ‘या शब्दाला मराठीत अमुक म्हणावं’ असं एका शब्दात उत्तर मी देणार नाही.

आधी उच्चार. क्रि-पस्-क्यु-लर, आणि जोर ‘पस्’वर. वर्गात मुलं हमखास ‘कॉर्पस्क्युलर’ वाचायची. तो शब्द वेगळा. लॅटिनमध्ये ‘कॉर्पस’ म्हणजे देह, त्याचं लहान रूप म्हणजे इवलासा देह, कण. शेपूट मात्र दोन्हींचं सारखं आहे. लॅटिनमधला ‘-कुलुस, -कुलुम’ हा प्रत्यय बहुतेक वेळा लहानपणा दाखवतो, जसं आपण चिमुकलं, तान्हुलं म्हणतो. ‘मस्क्युलर’मधला ‘मुस्कुलुस’ म्हणजे तर ‘छोटा उंदीर’. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर हलल्यासारखं दिसतं, म्हणून स्नायूला ते नाव पडलं. आपण त्याच उंचवट्याला बेटकुळी म्हणतो, म्हणजे बेडकी. रोमन माणसाला तिथं उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला. थोडं विषयांतर झालं, पण शब्दाची व्युत्पत्ती पाहायची ती यासाठीच. लोकांनी ती वस्तू कशी पाहिली होती ते त्यातून कळतं.

‘क्रिपस्क्युलर’च्या मागे लॅटिनमधला ‘क्रेपुस्कुलुम’ आहे. दिवस मावळल्यावर काळोख दाटेपर्यंत जो मंद उजेड राहतो, तो क्रेपुस्कुलुम. पहाटेच्या उजेडासाठी रोमनांकडे ‘दिलुकुलुम’ असा वेगळा शब्द होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. क्रेपुस्कुलुमच्याही मागे ‘क्रेपेर’ हे जुनं विशेषण आहे. त्याचा अर्थ काळवंडलेलं, आणि त्याचबरोबर अनिश्चित, संशयाचं.

या शब्दाबद्दलची सर्वांत सुंदर माहिती वॅरो या रोमन पंडिताकडून मिळते. त्याचा काळ इ.स.पूर्व ११६ ते २७. लॅटिन भाषेवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की हा शब्द रोमनांनी साबिन लोकांकडून घेतला. साबिन म्हणजे रोमच्या ईशान्येला डोंगराळ मुलखात राहणारे शेजारी. वॅरो स्वतः त्याच मुलखातला, रिएते गावचा. म्हणजे राजधानीतल्या पंडितांच्या भाषेत आपल्याकडचा एक शब्द जाऊन बसलाय, हे तो आपल्या गावच्या ओळखीतून सांगतोय. पुढे तो लिहितो की अमिटेर्नुम या साबिन गावात संध्याकाळच्या अंधूक वेळी जन्मलेल्यांना ‘क्रेपुस्कुस’ असं नाव ठेवत, जसं पहिल्या उजेडात जन्मलेल्याला रिएतेच्या मुलखात ‘लुसियुस’. हे वाचलं की मला आपल्याकडच्या उषा, संध्या, निशा आठवतात. आणखी एक गोष्ट वॅरो नोंदवतो. ज्या गोष्टींबद्दल खात्री नाही, त्यांना लोक ‘क्रेपेर’ गोष्टी म्हणत, कारण ही वेळच संशयाची असते. अजून दिवस आहे की रात्र झाली, हे सांगता येत नाही.

दिवस की रात्र हे सांगता न येणं म्हणजे काय, ते परभणीच्या माणसाला वेगळं समजावायला नको. पोखर्णीचा नृसिंह तुमच्या जवळच आहे. हिरण्यकशिपूला वर होता की दिवसा मरण नाही, रात्री मरण नाही, घरात नाही, घराबाहेर नाही. नरसिंहानं वेळ निवडली ती सांजेची आणि जागा निवडली ती उंबरठ्याची. ‘क्रेपेर’ या शब्दात जे भरलंय ते हेच. दोन्हीकडचा नियम जिथं लागू होत नाही अशी वेळ.

आपल्या शब्दांतही ही अस्वस्थता आहे. ‘कातरवेळ’मधला ‘कातर’ संस्कृत आहे. घाबरलेला, व्याकूळ झालेला असा त्याचा अर्थ. माझी आजी तिन्हीसांजेला झोपू द्यायची नाही, उंबऱ्यावर बसू द्यायची नाही. ‘झाकड पडायच्या आत घरी या’ हे तिचं रोजचं वाक्य. दुसऱ्या बाजूनं ‘संध्या’ शब्दात भीती नाही, जोड आहे. दोन गोष्टी जिथं सांधल्या जातात ती संध्या, आणि व्याकरणातला संधी हा तिचा सख्खा. इंग्रजीतल्या ‘ट्वायलाइट’मधला ‘ट्वाय’ आणि आपला ‘द्वि’ एकाच मुळाचे आहेत. म्हणजे एकानं या वेळेत शंका पाहिली, एकानं कातरपणा पाहिला, एकानं जोड पाहिली, एकानं दुहेरीपणा पाहिला.

मराठवाड्यात आणखी एक शब्द ऐकू यायचा. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. १९४८ साली संस्थान भारतात आलं तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. शेवटपर्यंत ते ‘मगरिबच्या सुमारास येतो’ असं म्हणत. मगरिबच्या नमाजाची वेळ सूर्य बुडाल्यापासून पश्चिमेची लाली जाईपर्यंत असते, आणि त्या लालीला ‘शफक’ हा स्वतंत्र शब्द आहे. संधिप्रकाश इतका काटेकोरपणे रोज मोजणारी माणसं आपल्या गल्लीतच होती. भाषांतर करताना हे शब्द वापरा असं मी म्हणत नाही. या वेळेला नाव देण्याची गरज किती जणांना किती वेगवेगळ्या कारणांनी पडली, ते यावरून दिसतं.

आता इंग्रजीत हा शब्द कसा गेला ते बघू, कारण तुमची अडचण तिथंच तयार झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘क्रिपस्क्युलर’ इंग्रजीत दिसू लागतो, आणि गंमत म्हणजे आधी लाक्षणिक अर्थानं. धूसर, पुरतं न उमगलेलं असं. प्रत्यक्ष संधिप्रकाशाचा अर्थ अठराव्या शतकात रुळला. एकोणिसाव्या शतकात प्राणिशास्त्रज्ञांनी तो उचलला आणि त्याला अगदी नेमकं काम दिलं. जो प्राणी पहाटेच्या आणि संध्याकाळच्या मंद उजेडात सर्वांत जास्त हालचाल करतो, तो क्रिपस्क्युलर. दोन्ही वेळा, बरं का. रोमनांचा शब्द प्रामुख्यानं संध्याकाळचा होता, पहाटेचा वेगळा होता हे वर सांगितलंच. शास्त्रानं या एकाच शब्दात दोन्ही वेळा कोंबल्या. फक्त संध्याकाळच हवी असेल तर शास्त्रात ‘व्हेस्परटाइन’ म्हणतात, फक्त सकाळ हवी असेल तर ‘मॅट्युटिनल’.

‘क्रीप’चं उत्तर एका ओळीत संपतं. नातं नाही. ‘क्रीप’ हा इंग्रजीचा जुना घरचा, जर्मानिक शब्द आहे आणि ‘क्रिपस्क्युलर’ लॅटिनमधून आलेला. आवाज सारखा आला म्हणून गोत्र एक होत नाही.

तर कोशानं तुम्हाला ‘अंधूक’ दिलं ते चूक नव्हतं. तो दुसऱ्या कामाचा अर्थ होता. तुमच्या पत्रकात शब्द आलाय प्राणिशास्त्राच्या अर्थानं. या अर्थात अंधूकपणा उजेडाचा आहे आणि भुंगेऱ्याचं फक्त वेळापत्रक आहे.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतोय, तर माझ्याकडून एकदा नेमकी इथंच चूक झाली होती. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका संस्थेसाठी हुमणीचंच पत्रक करत होतो. हाच शब्द आला. मला वाटलं, शेतकऱ्याला कुठं संधिप्रकाश वगैरे सांगत बसायचं, आणि मी सरळ ‘निशाचर’ लिहिलं. पुढे ‘रात्री प्रकाश सापळे लावावेत’ असंही माझ्याच हातून गेलं. माझ्या चुलतभावानं ते पत्रक वाचलं. उसाच्या फडाशेजारी त्यानं बल्ब टांगला, खाली घमेल्यात पाणी आणि त्यात रॉकेल, सगळं व्यवस्थित केलं. फक्त दिवा लावला जेवणंखाणं उरकून, दहाच्या पुढे. सकाळी घमेल्यात मोजून चार भुंगेरे. कडुलिंबाच्या पानांची मात्र चाळण झालेली. तो मला म्हणाला, ‘दादा, तुझ्या कागदात रात्र लिहिली होती, म्हणून मी रात्र होऊ दिली.’ ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

घडतं ते असं. वळवाचा किंवा मिरगाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे प्रौढ भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात. येतात ते दिवस मावळल्या मावळल्या, थोड्याच वेळात, झुंडीनं. उडून बाभळीवर, कडुलिंबावर बसतात. तिथं त्यांचं मिलन होतं आणि पाला खाणं रात्रभर चालू राहतं. उजाडायच्या आत ते पुन्हा मातीत शिरतात. म्हणजे खाणं रात्रीचं आहे, पण उडणं सांजेचं आहे. दिव्याकडे येतात ते उडत असताना. एकदा फांदीवर बसले की सापळ्याचा उपयोग थोडा, मग फांद्या हलवून खाली पाडून गोळा करावे लागतात. त्यामुळे दिवा दिवेलागणीलाच लागला पाहिजे आणि पहिले दीड-दोन तास महत्त्वाचे. इंग्रजी पत्रकात ‘क्रिपस्क्युलर’ हा शब्द होता, आणि त्या एका शब्दात ही सगळी सूचना होती. मी तो ‘निशाचर’ केला आणि सूचना हरवली. तुमच्या पत्रकात हे विशेषण भुंगेऱ्याला लागलंय की त्याच्या बाहेर पडण्याला, ते मूळ वाक्यात पुन्हा एकदा पाहा. मला खात्री वाटते की ते उड्डाणाला किंवा बाहेर पडण्याला असेल. तसं असेल तर तुमचंही मराठी तिथंच जोडलेलं हवं.

आपल्या भागात हा भेद आणखी महत्त्वाचा का, तर आपला संधिप्रकाश आखूड आहे. खगोलशास्त्रात त्याचे तीन टप्पे करतात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश, १२ अंशांपर्यंत नाविक, १८ अंशांपर्यंत खगोलीय. परभणी साधारण १९ अक्षांशावर आहे. इथं सूर्य बराच सरळ खाली उतरतो, म्हणून नागरी संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. जूनमध्ये परभणीला सातच्या सुमारास दिवस मावळतो आणि साडेसातच्या आत बाहेर वाचता येणं बंद होतं. लंडन साडेएकावन्न अक्षांशावर. तिथं सूर्य तिरका घसरत जातो, जूनमध्ये हाच टप्पा पाऊण तासाहून लांबतो आणि जूनच्या मध्यावर तर रात्रभर खगोलीय अंधार होतच नाही. म्हणून तिकडच्या लेखकानं ‘संध्याकाळी’ लिहिलं तर त्याच्या डोळ्यासमोर लांबलचक वेळ असते. आपल्या शेतकऱ्याला ती वेळ गाईगुरं गोठ्यात बांधेपर्यंत निघून गेलेली असते. मराठीत ‘संध्याकाळी’ एवढंच लिहू नका. आपल्याकडे चार वाजल्यापासूनच संध्याकाळ म्हणतात.

मग काय लिहावं? दिनचर आणि निशाचर हे शब्द रुळलेले आहेत, त्यांच्या जोडीला ‘संधिचर’ करावा असं कोणीही सुचवेल. पाठ्यपुस्तकात, जिथं एकदा व्याख्या देऊन शब्द पुन्हा पुन्हा वापरायचाय, तिथं मला तो मान्य आहे. पत्रकात मान्य नाही. ज्यानं तो कधी ऐकला नाही त्याला तो काहीच सांगत नाही. शिवाय ‘निशाचर’ म्हटलं की आपल्या कानाला राक्षस ऐकू येतो, चोर ऐकू येतो, आणि ती सावली त्याच्या धर्तीवर बनवलेल्या शब्दावरही पडते. पत्रकात फोड करून लिहा. ‘दिवस मावळताच’, ‘दिवेलागणीला’, ‘झुंजूमुंजू व्हायच्या सुमारास’. असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत आणि ते घड्याळाइतके नेमके आहेत. अडचण एवढीच की सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही पोटात घेणारा, बोलण्यातला एक शब्द मराठीत नाही. ‘संधिप्रकाश’ घेतो, पण तो छापील आहे. म्हणून सशाबद्दल लिहायचं तर मी दोन्ही वेळा लिहितो: ‘ससा पहाटे आणि दिवस मावळताना चरायला निघतो.’ जुळे शब्द वापरायला लाजू नये.

रातव्याचं उदाहरण घ्या. संध्याकाळी मोटारसायकलवरून गावाकडे जाताना रस्त्यावर बसलेला आणि दिव्यात डोळे लाल चमकणारा तो पक्षी. इंग्रजी पुस्तकं त्याला क्रिपस्क्युलर म्हणतात, कारण किडे उडायची तीच वेळ. मराठी नावात मात्र रात्रच आहे. इथं नाव बदलायचं कारण नाही. वाक्यात वेळ सांगितली की झालं.

कधी हा शब्द किरणांना लागलेला दिसेल. पावसाळ्यात बालाघाटाच्या माथ्यावर ढग फाटतात आणि उजेडाचे पट्टे पंख्यासारखे खाली पसरतात. त्यांना इंग्रजीत क्रिपस्क्युलर किरण म्हणतात. खरं तर ते किरण जवळजवळ समांतर असतात. लांबच लांब रेल्वेरूळ जसे दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, तसाच हा डोळ्यांचा भास. इथं ‘संधिप्रकाशाचे किरण’ लिहू नका, कारण ढग आडवे असले तर ते भर दुपारीही दिसतात. बहुतेकदा सकाळ-संध्याकाळी दिसतात म्हणून नाव पडलं, एवढंच. ‘ढगाआडून फाकलेले किरण’ हे मला जास्त बरं वाटतं.

ललित लेखनातला वापर वेगळाच. इटलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मंद सुरात, साध्यासुध्या गोष्टींवर लिहिणारे काही कवी होते. १९१० मध्ये बोर्गेसे या समीक्षकानं त्यांच्या कवितेला ‘क्रेपुस्कोलारे’ म्हटलं. त्याला दिसली ती एका मोठ्या काळाची मावळती. तिथं भाषांतर करायचं तर मी ‘कातर’ किंवा ‘मावळतीचा’ यातला एक निवडेन, आणि तोही आजूबाजूच्या ओळी वाचून. ‘संधिचर कवी’ म्हणणं म्हणजे माझ्या ‘निशाचर’सारखंच होईल, फक्त उलट्या बाजूनं.

आणि तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहिताना? शास्त्रीय मजकुरात जरूर वापरा, तिथं त्याला पर्याय नाही. साध्या पत्रात, निबंधात मात्र टाळा. परीक्षेची तयारी करणारी मुलं असे शब्द पाठ करून कुठंही घालतात, त्यानं वाचणारा अडखळतो. ‘डस्क’ आणि ‘डॉन’ हे दोन छोटे शब्द पुरतात.

तुमचं वाक्य पूर्ण दिलेलं नाही, पण तुम्ही सांगितलंय त्यावरून मी ते असं करेन: ‘पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे दिवस मावळताच जमिनीतून बाहेर पडतात आणि बाभूळ, कडुलिंबाकडे उडतात. प्रकाश सापळ्याचा दिवा दिवेलागणीलाच लावावा, जेवणं होईपर्यंत थांबू नये.’ दुसरं वाक्य तुमच्या मूळ इंग्रजीत कदाचित नसेल. पत्रक काढणाऱ्यांना विचारून घ्या, आणि त्यांनी होकार दिला तर ते नक्की घाला. मग छापायच्या आधी एखाद्या ऊस लावलेल्या माणसाला वाचून दाखवा. ‘म्हंजी नेमकं किती वाजता?’ असं त्यानं विचारलं, तर जूनमधली सातची वेळही लिहून टाका.